कंत्राट संपले, पुढचे मिळेना

आयटी क्षेत्रातील कंत्राटी कामाविषयी या सदराकडे गेले वर्षभर सातत्याने पत्रे येत आहेत. त्यांपैकी एका पत्रात इतर अनेकांच्या अडचणी एकत्र आलेल्या असल्याने या वेळी बहुतेक जागा त्यालाच दिली आहे. त्याच विषयावरील दोन छोट्या प्रश्नांची उत्तरे शेवटी आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ४२ असून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर मी पुण्यात हिंजवडीला १३ वर्षे नोकरी केली. ओरॅकल डेटाबेस, त्यासाठीची पीएल-एसक्यूएल ही भाषा आणि एका प्रणालीतला डेटा दुसऱ्या प्रणालीत नेण्याचे काम, म्हणजे ज्याला ईटीएल म्हणतात, हे माझे क्षेत्र. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी परत आलो. पुढे कार्यालयाने पुण्याला बोलावले तेव्हा मी राजीनामा दिला आणि घरूनच कंत्राटी काम घेऊ लागलो. पहिली तीन वर्षे एक कंत्राट संपण्याआधी दुसरे हातात असे. शेवटचे काम एका परदेशी विमा कंपनीचे होते आणि ते दोन मध्यस्थांमार्फत मिळाले होते. दोन आठवड्यांची नोटीस देऊन ते थांबवले, त्याला आता ११ महिने झाले. या काळात मी अडीचशेहून अधिक अर्ज केले, त्यातून सात मुलाखती झाल्या. दोन ठिकाणी निवड झाल्याचे कळवून नंतर ‘बजेट होल्डवर आहे’ असा निरोप आला. माझा दर महिना दीड लाख होता. आता मध्यस्थ ८० हजारांची भाषा करतात आणि आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या कार्यालयात यावे लागेल म्हणतात. पुण्यातील फ्लॅटचा हप्ता ४२ हजार आहे आणि भाडे २१ हजार येते. पत्नीला सर्व ठाऊक आहे, वडिलांना नाही. ते साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. मी रोज सकाळी साडेनऊला माडीवर लॅपटॉप उघडून, कानाला हेडफोन लावून बसतो. आबा जिन्यातून डोकावून ‘मीटिंग चालू हाय काय रे?’ असे विचारतात आणि मी मान हलवतो. मी दर कमी करावा का? नवे तंत्रज्ञान शिकावे का? की आयटी सोडूनच द्यावी?
(मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपण तीन प्रश्न विचारले आहेत. परंतु आपल्या पत्रातील ज्या वाक्याशी मी सर्वाधिक वेळ थांबलो, ते प्रश्न म्हणून आलेलेच नाही. त्यामुळे आरंभ तेथूनच करतो. आबांना सांगून टाका, आणि ते या आठवड्यातच सांगा.

ज्यांनी साखर कारखान्यात आयुष्य काढले, त्यांना हंगाम आणि बंद हंगाम म्हणजे काय हे आपल्याहून आणि माझ्याहून अधिक चांगले कळते. दिवाळीच्या मागेपुढे गव्हाणीत मोळी पडते, उन्हाळ्याच्या तोंडाशी ऊस संपून गाळप थांबते, आणि त्यानंतर हंगामी कामगाराला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते. त्या मधल्या काळासाठी त्याला पगाराचा काही हिस्सा रिटेन्शन भत्ता म्हणून मिळतो, हे आबांना तोंडपाठ असेल. आपण नोकरी सोडून कंत्राटी काम स्वीकारले, तेव्हा आपण कायम कामगाराचे हंगामी कामगार झालात. आपला रिटेन्शन भत्ता मात्र वेगळा कोणी देणार नव्हते, तो त्या दीड लाखांत मिसळूनच येत होता. पहिल्या तीन वर्षांत खंड पडला नाही म्हणून ती सर्व रक्कम पगार वाटली, आणि घरखर्च व हप्ता त्याच आकड्यावर बेतले गेले. हे गणित आबांसमोर मांडून पाहा, ते आपल्याला बोल लावतील असे मला वाटत नाही.

मी हे अनुभवाने सांगतो आहे. २००१ साली अमेरिकेतील डॉटकॉम कंपन्या कोसळल्या, तेव्हा पुण्यातले माझे काम गेले आणि तीन महिने मी ते घरी सांगितले नव्हते. पीएमटीचा, म्हणजे पुण्यातल्या शहर बसचा, मासिक पास संपला तो मी पुन्हा काढला नाही, जुन्या पासवरची तारीख आईच्या नजरेस पडली आणि रात्री जेवताना तिने तो पास माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला. त्या तीन महिन्यांत मी ओळखीच्या एकाही माणसाकडे काम मागू शकलो नव्हतो, कारण ज्याला सांगावे तो घरी बोलेल ही भीती होती. आपल्याही पत्रात मला तेच दिसते. कोल्हापुरात चार ठिकाणी शब्द टाकला की बातमी मंगळवार पेठेत पोहोचणार, म्हणून आपण अनोळखी पोर्टलवर अर्जामागून अर्ज करीत राहिलात. घरी सांगितल्याशिवाय पुढे जे सुचवणार आहे, त्यातले निम्मे आपल्याला करताच येणार नाही. झोप उडाली असेल किंवा मन फारच खचत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

आता बाजाराविषयी. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पर्यंत जवळपास शून्यावर असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. पैसा महाग झाला की कंपन्या पुढे ढकलता येणारा खर्च आधी पुढे ढकलतात. विमा कंपनीला दावे चुकते करणारी जुनी प्रणाली चालू ठेवावीच लागते, परंतु तिच्यातला डेटा नव्या प्रणालीत नेण्याचा प्रकल्प पुढच्या वर्षावर टाकता येतो, आणि आपले काम नेमके त्या प्रकल्पात असते. त्यातही कायम कर्मचाऱ्याला काढायचे तर भरपाई द्यावी लागते, कंत्राटदाराला दोन आठवड्यांची नोटीस पुरते. शिवाय अमेरिकेच्या करकायद्यातील बदलामुळे २०२२ पासून परदेशात करून घेतलेल्या सॉफ्टवेअर विकासाचा खर्च एका वर्षात वजा न करता १५ वर्षांत विभागून दाखवावा लागतो. २०२५ मध्ये तेथील कायदा पुन्हा बदलला, तेव्हा देशांतर्गत खर्चाला सवलत परत मिळाली, परदेशातील खर्चाला मिळाली नाही. आपल्यासारख्या घरून काम करणाऱ्या माणसाला थेट काम देणाऱ्या लहान अमेरिकी कंपन्यांना ही गोष्ट बरीच जाचली आहे.

इकडे २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३ हजारांहून अधिक, विप्रोची सुमारे २४ हजारांनी आणि इन्फोसिसची सुमारे २६ हजारांनी घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आणखी सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. अशा रीतीने बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक अनुभवी लोक आज त्याच कंत्राटांच्या रांगेत उभे आहेत, आणि मध्यस्थ ८० हजारांची भाषा करू शकतात ती त्यामुळेच. सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेतले व्याजदर खाली येऊ लागले, तरी कामे त्या वेगाने परतली नाहीत. दरम्यान कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली असून साधे कोड लिहिण्यासाठी पूर्वीइतकी माणसे लागतील की नाही, याचा अंदाज घेत कंपन्या थांबल्या आहेत. म्हणून ११ महिन्यांच्या रिकामेपणाचा दोष आपल्या कौशल्यावर घेऊ नये. त्याचबरोबर २०२१ सालचा बाजार परत येईल अशा भरवशावर बसून राहू नये, असेही माझे स्पष्ट मत आहे.

दर कमी करावा का, या प्रश्नाचे उत्तर दीड लाखांच्या खऱ्या किमतीत आहे. वर्षात नऊच महिने काम मिळते असे धरले, तर दीड लाखांचा दर बारा महिन्यांवर विभागल्यास १ लाख १२ हजार ५०० होतो. त्यातून स्वतःचा आरोग्य विमा, स्वतःची निवृत्तीची तजवीज आणि बिनपगारी रजा वजा केल्या, तर नोकरीतल्या ९० हजारांच्या आसपास आपण होतात. हे लक्षात घेतले म्हणजे ८० हजारांचा आकडा वाटतो तितका अपमानाचा राहत नाही, मात्र तो कोणत्या अटींवर आहे हे पाहायला हवे. घरून सहा महिन्यांचे काम असेल तर घ्यावे. आठवड्यातून तीन दिवस पुणे असेल तर प्रवास आणि राहण्याचा खर्च आधी कागदावर मांडावा, मंगळवार ते गुरुवार असे सलग दिवस मागावेत, आणि तीन महिन्यांनंतर दराचा फेरविचार करण्याचे कलम करारात लिहून घ्यावे. पुण्याचा आग्रह मध्यस्थांचा नाही, हेही समजून घ्या. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रे भारतात १,७०० हून अधिक झाली आहेत, आज कंत्राटी माणसे बरीच तीच घेतात, आणि ती पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे असून त्यांना माणूस समोर बसलेला हवा असतो.

दर विचारताना आणखी एक गोष्ट विचारावी. आपल्यामध्ये आणि मूळ ग्राहकामध्ये किती हात आहेत? दोन मध्यस्थ असतील तर दोघांचाही वाटा आपल्या दरातून जातो, त्यामुळे एक पायरी कमी केली तर ग्राहकाला अधिक काही न मोजता आपला दर वाढू शकतो. आणि आपल्या अडीचशे अर्जांचा हिशेब पुन्हा करून पाहा. एकच जागा आठ-दहा मध्यस्थ वेगवेगळ्या शब्दांत जाहीर करतात, तेव्हा प्रत्यक्षात त्या ५०-६० जागाच असण्याची शक्यता मोठी आहे. एकाच जागेसाठी दोन मध्यस्थांनी आपले नाव पाठवले, की वाद टाळण्यासाठी बहुतेक ग्राहक दोन्ही अर्ज बाजूला ठेवतात. म्हणून आपले नाव पाठवण्याची परवानगी देण्यापूर्वी ग्राहकाचे नाव विचारावे, ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे, आणि नाव सांगायला तयार नसलेल्या मध्यस्थाला बायोडेटा देऊ नये.

आता पोर्टल दिवसातून अर्ध्या तासावर आणावे. उरलेल्या वेळात या सर्व वर्षांत ज्यांच्यासोबत आपण प्रत्यक्ष काम केले, त्यांची यादी करावी. टीम लीड, ग्राहकाकडचे व्यवस्थापक, नोकरी बदलून गेलेले सहकारी, आपण ज्यांना शिकवले ते कनिष्ठ, अशी किमान ४० नावे निघतील. त्यांना सामुदायिक संदेश पाठवू नये. प्रत्येकाला दोघांनी मिळून केलेल्या कामाचा उल्लेख करून चार ओळी लिहाव्यात, आणि ‘काही असेल तर सांगा’ असे न लिहिता आपल्याला काय येते ते एका वाक्यात सांगावे. उदाहरणार्थ, ‘विमा कंपनीच्या जुन्या ओरॅकल डेटाबेसमधल्या पॉलिसी नव्या प्रणालीत हलवल्यावर एकही रुपया इकडचा तिकडे झाला नाही, हे तपासून देण्याचे काम मी करतो.’ बायोडेट्याच्या पहिल्या चार ओळींतही हेच यायला हवे. बारा साधनांची नावे एका ओळीत ओवलेला बायोडेटा वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. ११ महिन्यांचा खंड झाकू नये, ‘प्रकल्प थांबवला गेला, त्यानंतर अमुक शिकलो, तमुक काम केले’ असे सरळ लिहावे.

‘तमुक काम केले’ या जागी लिहिण्याजोगे काम कोल्हापुरातच आहे, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. गेल्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी अर्धा दिवस होतो. तेथे भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक हीटला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूला, क्रमांक देतात. सुपरवायझर तो आधी खडूने फळ्यावर आणि मग रजिस्टरमध्ये लिहितो. त्या हीटचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासून कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे प्रमाण छापून येते आणि ती चिठ्ठी टाचणीने फायलीला लावली जाते. मोल्डिंगच्या नोंदी एक्सेलमध्ये होतात आणि मालाचे बिल टॅलीत निघते. मी तेथे असतानाच ग्राहकाकडून ब्लोहोल, म्हणजे आत वायूची पोकळी, असलेली कास्टिंग (ओतीव भाग) परत आली होती. ती कोणत्या हीटची, त्या हीटची आणखी किती कास्टिंग बाहेर गेली आणि माल पाठवण्याच्या कोणत्या चलनावर गेली, हे शोधायला एक मुलगा काळ्या वाळूच्या बोटांचे ठसे उमटलेली रजिस्टरे पालथी घालत होता. दुपारी जेवणाची सुटी झाली तरी त्याचे काम संपले नव्हते.

चार ठिकाणी पडलेली माहिती गोळा करायची, साफ करायची, एका क्रमांकाने जोडायची आणि आकडे जुळले की नाही हे तपासायचे, हेच आपण एवढी वर्षे केले आहे. विमा कंपनीचा पॉलिसी क्रमांक जाऊन त्या जागी हीट क्रमांक आला, एवढाच काय तो बदल. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि शिवाजी उद्यमनगर येथे अशी कामे जागोजागी आहेत. ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाल्यामुळे आणि एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाल्यामुळे, आजवर वहीवर चालवलेल्या कारखानदारांनाही हा विषय टाळता येत नाही.

यात पैसा कमी आहे, हे मी लपवणार नाही. दीड लाखांच्या महिन्याची अपेक्षा येथे ठेवू नये. सर्व कारखान्याचे सॉफ्टवेअर करून देतो असे सांगून आत शिरू नये, कारण ते काम वर्षभर लांबते आणि शेवटी दोन्ही बाजू नाराज होतात. ‘परत आलेल्या कास्टिंगवरून हीट, रसायन आणि चलन पाच मिनिटांत दिसेल’ असे एकच काम घ्यावे, सहा आठवड्यांची मुदत आणि ठरीव रक्कम सांगावी, एक तृतीयांश आगाऊ घ्यावी आणि पुढे देखभालीचा वार्षिक करार करावा. अशी तीन-चार ठिकाणे झाली, की पुढच्या बंद हंगामात घर चालण्यापुरता आधार राहतो. पहिले दार कोण उघडून देईल, असा प्रश्न आपल्याला पडेल. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या ओळखीचे टर्नर, फिटर, केमिस्ट आणि वर्कशॉपचे मालक कोल्हापुरात कमी नसतात. आबांना विश्वासात घ्या असे मी म्हणालो, त्याचे हेही एक कारण आहे.

नवे शिकण्याविषयी थोडक्यात. आपल्या कामाच्या जाहिरातींत आज पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि स्नोफ्लेक, डेटाब्रिक्स या डेटा साठवण्या-हाताळण्याच्या क्लाउड प्रणाली, ही नावे वारंवार दिसतात. पायथन शिकावेच, आणि उरलेल्या दोहोंपैकी एकच निवडून त्यावर एक पूर्ण काम करून दाखवावे. प्रमाणपत्रांचा ढीग करू नये. एसक्यूएल लिहून देणारी साधने आता कोणालाही उपलब्ध आहेत. दोन अहवालांतला एकच आकडा वेगळा का येतो आणि त्यातला खरा कोणता, हे शोधून काढण्याची आपली नजर मात्र अजूनही विकली जाते, म्हणून तीच पुढे करावी.

कर्जाचे काम वेळेत करायला हवे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. आपले कर्ज रेपोशी जोडलेले असेल तर व्याज कमी झालेले असणार, परंतु अनेकदा बँका हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. अशा वेळी मुदत पूर्ववत ठेवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा. कर्ज जुन्या पद्धतीचे असेल तर ते रेपोशी जोडून मागावे, त्यासाठीचे शुल्क बहुधा परवडते. हप्ता चुकण्यापूर्वी शाखेत जावे, कारण थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे बुडीत जाण्याच्या मार्गावरचे, ठरते आणि त्यानंतर बोलणीच वेगळी होतात. एवढे करूनही आणखी चार महिन्यांत नियमित उत्पन्न सुरू झाले नाही, तर फ्लॅट विकण्याचा निर्णय घ्यावा असे माझे मत आहे. निम्मा हप्ताही जेमतेम भागवणाऱ्या भाड्यासाठी क्रेडिट कार्डावर घर चालवणे मला धोक्याचे वाटते.

आयटी सोडावी का, याचे उत्तर आज देऊ नये. ४० पत्रे लिहून आणि निदान पाच कारखान्यांत पाऊल ठेवून झाल्यावर मला पुन्हा कळवा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचे कंत्राटी काम करते. पुण्यातील एका मध्यस्थ कंपनीकडे माझी तीन महिन्यांची २ लाख ७० हजारांची बिले अडकली आहेत. ‘क्लायंटने आम्हाला दिले की तुम्हाला देऊ’ असे उत्तर मिळते. नवे काम मिळत नसल्याने वाद वाढवायची भीती वाटते.
(इचलकरंजी)

उत्तर : आपण स्वतःच्या नावाने बिल देत असाल आणि आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल, तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा आपल्या बाजूने आहे. त्यानुसार लेखी करारात काहीही म्हटले असले, तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा अधिक काळ पैसे अडवता येत नाहीत, आणि मुदत ठरलेलीच नसेल तर ती १५ दिवसांची धरली जाते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देणे लागते. ‘क्लायंटने दिले की’ ही सबब त्या कायद्यात बसत नाही. २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही अशी तरतूद झाली आहे की, मुदतीत न चुकवलेले सूक्ष्म व लघु उपक्रमांचे देणे प्रत्यक्ष चुकवेपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजा करता येत नाही. मार्च जवळ आला की मध्यस्थाच्या लेखापालाला याची आठवण करून देणे उपयोगी पडते.

प्रथम ईमेलने, बिल क्रमांक व तारखा घालून, सौम्य भाषेत पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि टाइमशीट मंजूर केल्याचे सर्व संदेश एका फायलीत जमवावेत. तरीही पैसे आले नाहीत तर याच कायद्याखाली थकलेल्या देण्यांचे दावे ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, त्याची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळेल. नोंदणी काम सुरू होण्याआधीची असेल तर बाजू भक्कम राहते. नोंदणी नसेल तर आजच करावी, ती विनामूल्य असून आधार आणि पॅनवर होते. पुढील बिलांना तिचा उपयोग होईल आणि मागच्या बिलांसाठी वकिलाकडून नोटीस द्यावी लागेल. आपण मध्यस्थाच्या पेरोलवर असाल तर मात्र ही थकलेली रक्कम वेतन ठरते, आणि तक्रार कामगार आयुक्त कार्यालयाकडे करावी लागते. नवे काम हातचे जाईल ही आपली भीती मी समजू शकतो. परंतु तीन महिने पैसे न देणाऱ्याकडून येणारे पुढचे कामही उधारीचेच असेल.

प्रश्न : मुलगा गेल्या वर्षी इंजिनिअर झाला. एक एजन्सी १ लाख ८० हजार घेऊन तीन वर्षांच्या अनुभवाचे पत्र आणि कंत्राटी नोकरी देते म्हणते. मुदत ठेव मोडावी का?
(कागल)

उत्तर : मोडू नये. खोट्या अनुभवपत्रावर नोकरी लागलीच, तरी पडताळणीत भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरील नोंदी आणि प्राप्तिकर कपातीचे विवरण पाहिले जाते. त्यात तीन वर्षे दिसली नाहीत की मुलाला काढून टाकतात, त्याचे नाव अनेक ठिकाणी कायमचे बाद होते आणि फसवणुकीचा गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. पैसे घेणारी एजन्सी तोवर तेथे असेलच असे नाही. काही रक्कम आधीच ऑनलाइन पाठवली असेल तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

नवख्या मुलासाठी कंत्राटी काम हा मार्गच योग्य नाही, कारण तेथे शिकवायला कोणाला वेळ नसतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना एक वर्ष विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम मिळते. त्या पोर्टलवर त्याने स्वतः नोंदणी करावी आणि आपल्याच पंचतारांकित वसाहतीतील ज्या कंपन्यांत शिकाऊ उमेदवार घेतात, तेथे कागदपत्रे घेऊन प्रत्यक्ष जावे. ठेवीची पावती बँकेतच राहू द्यावी.